सरांचे दोन हौद

सर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या हाताचा वास घ्यायचे.

खोली बघायला गेलो तेव्हा मी नमस्काराला हात जोडले, तर त्यांनी ते जोडलेले हातच धरून नाकाशी नेले. म्हणाले, "वासाचा साबण. चालणार न्हाय." मग आमच्या ह्यांचे हात हुंगले. हे तेव्हा शिरोलीच्या फाउंड्रीत नुकतेच लागले होते आणि कितीही घासलं तरी त्यांच्या हाताला जळक्या वाळूचा वास असायचा. "ह्यो चालंल," सर म्हणाले. "साबणापेक्षा भट्टी बरी." आणि किल्ली ह्यांच्या हातात दिली.

त्याआधी दोन घरमालकांनी आम्हाला महिन्या-दोन महिन्यांत काढलं होतं. एकाला माझी बोली खटकत होती, दुसऱ्याला ह्यांची रात्रपाळी. आम्ही वरुडकडचे, पार अमरावती जिल्ह्यातले; कोल्हापुरात आमचं म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून त्या दिवशी मला त्या हात हुंगणाऱ्या म्हाताऱ्याची भीती वाटली नाही, उपकारच वाटले. भीती पुढं आली, आणि ती त्यांच्यामुळं नव्हती.

दोन हजार साल उजाडायला तेव्हा दोन-तीन वर्षं होती. शाहूपुरीतल्या एका बोळात पुढं पिठाची गिरणी आणि मागं सरांचं बैठं घर. परसात दोन दगडी हौद, कधीकाळी कुणाच्या तरी म्हशींसाठी बांधलेले. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. हौदांत बेडकं.

"घर चांगलं हाय, पावणं, पर मालक बेडकांची बाळंतपणं करतोय," गिरणीवाल्या मावशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "मी सांगतो ते ऐक, फिनेल-बिनेल आणू नगंस घरात. मागल्या भाडेकरूनं आणलंतं. बादलीसकट भाईर काढला त्याला." बाई असून ती 'मी सांगतो' म्हणते, याचं मला कितीतरी दिवस हसू यायचं. इथल्या बाया तशाच बोलतात. आता मीही कधीकधी बोलते.

सर मूळचे कुरुंदवाडकडचे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. ते पासष्टीचे आणि मी तेवीस वर्षांची, तरी मला 'अक्का' म्हणायचे. अक्का म्हणजे थोरली बहीण. मी एकदा म्हटलं, "सर, मी तुमच्या लेकीएवढी आहे जी." तर म्हणाले, "लेकीला सांगावं लागतंय. अक्का आपण होऊन करती."

कोल्हापुरात राहून मी सरांना कोल्हापुरी चपलेत कधी पाहिलं नाही. लग्नालासुद्धा रबरी स्लिपर. कारण चामडं मिठाच्या पाण्यात बुडवता येत नाही. दर दोन-चार दिवसांनी ते सायकल काढून, लांब असलं तर एसटीनं, कुठल्यातरी तळ्यावर नाहीतर डबक्यावर जायचे, आणि प्रत्येक पाण्याचे स्लिपर वेगळे. परसातल्या भिंतीवर खिळ्यांना ओळीनं टांगलेले, वर खडूनं लिहिलेलं: रंकाळा, पेठ वडगाव, कुरुंदवाड. आल्यावर स्लिपर आधी मिठाच्या पाण्यात, मग उन्हात. एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात नेणारा मी कोण, असं त्यांचं म्हणणं.

मावशी गिरणीतून ओरडायची, "ओ सर, देवळात जाताना एवढं सोवळं पाळत न्हाईसा."

"देवाला बुरशी लागत न्हाय," सर म्हणायचे.

त्यांच्याकडे सोनाराचा जुना तराजू होता, काचेच्या पेटीतला. गुजरीतल्या सोनारानं त्यांना तो विकताना विचारलं होतं, घरात लग्न आहे काय. "व्हय, लई लग्नं हायत," असं सांगून त्यांनी तो आणला. त्यात ते बोटाच्या पेराएवढी बेडकाची पिल्लं तोलायचे. पिल्लू पारड्यातून उडी मारून कपाटाखाली गेलं की सर पालथे पडून त्याला कानडीत समजवायचे. मराठीत समजवलेलं मी कधी ऐकलं नाही. विचारलं तर म्हणाले, "मराठीत मी परीक्षा घेतल्यात. त्यांना भ्या वाटंल."

त्यांचा हात कापायचा, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर बरं होतं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'हौद दोन. बुरशी लागली होती. पिल्लं बाहेर पडली. सर्व वाचली.'

सरांनी लाल पेनानं शेवटच्या शब्दावर रेघ मारली. "ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"हालून राहिले नं जी."

"हलत्यात म्हणजे जिवंत हायत. जिवंत लिही. वाचली का न्हाय, ते अजून त्यांनाबी ठाऊक न्हाय."

त्या वहीत 'वाचली' हा शब्द त्यांनी मला कधीच लिहू दिला नाही. चुकून लिहिला की लाल रेघ.

त्यांचं काम काय होतं ते मला समजायला एक पावसाळा गेला. बेडकाची अंडी म्हणजे साबुदाण्याच्या खिरीचा गोळा, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. त्यातलं एखादं मेलं की त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी चढते आणि शेजारच्यांकडे सरकायला लागते. मग शेजारची धडधाकट पिल्लं वेळेच्या आधीच अंडं फोडून बाहेर पडतात. त्यांना कसं कळतं कुणास ठाऊक. सर म्हणायचे, घराला आग लागली की माणूस अंगावरच्या कपड्यानिशी पळतो, तसं. बघणारा म्हणतो, वा, पोरगं हुशार, निसटलं. पण कपड्यानिशी पळालेल्याचं पुढं काय होतं, हे कुणी बघायला जात नाही. सरांना तेवढंच बघायचं होतं. हौद एकमध्ये स्वच्छ अंडी, हौद दोनमध्ये बुरशी लागलेली. पाणी एका विहिरीचं, उकडलेला पालक एका जुडीचा. पिल्लाला पाय फुटून शेपूट गळाली की ते तराजूत.

हौद दोनची पिल्लं जराशी लहान भरायची. अगदी जराशी. डोळ्याला कळायचं नाही, तराजूला कळायचं. त्यातला एक नर तीन वर्षं परसातल्या दगडाखाली राहिला. खायचा, प्यायचा, टुणटुणीत. पण बाकीचे नर मादीला हाका मारायला लागले की हा नुसता बसून राहायचा. मला त्याला बघून कासावीस व्हायचं. "याचा घसा बसला काय जी?"

"घसा बरा हाय. ह्याचा आवाज तिकडंच खर्च झाला. निसटताना."

एकदा पालक चिरता चिरता मी सरांना माझं सांगितलं. मी सातवीत असताना आईनं अंथरूण धरलं. धाकटी तिघं होती. मी दप्तर खुंटीला अडकवलं आणि चुलीपुढं बसले. सगळं गाव म्हणालं, पोरीनं घर सावरलं. मलाही ते ऐकायला आवडायचं. मी सरांना तेच, जरा फुशारकीनंच सांगत होते.

सर म्हणाले, "व्हय? मग अक्का, तू पण हौद दोनचीच की."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीत आठवीचं विज्ञानाचं जुनं पुस्तक होतं. "मोठ्यांदा वाच," सर परसातून म्हणाले. "माझा चष्मा सापडंना झालाय." चष्मा त्यांच्या डोळ्यावर होता. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता, बाहेरून मी दहावी झाले, गणितात दोनदा आपटून. पण ते नंतरचं. मला सांगायचंय ते मोरचुदाचं.

दुसऱ्या वर्षी हौद दोनमध्ये अंडी सोडून दोन दिवस झाले होते, तेव्हा कुरुंदवाडहून निरोप आला की सरांचे भाऊ आजारी आहेत. सर दोन दिवसांसाठी निघाले. निघताना एवढंच म्हणाले, "काय बी झालं तरी हात घालायचा न्हाय. बघायचं आन् लिहायचं."

बघत बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आजही गॅसवर दूध ठेवलं की मी चार वेळा दाराची कडी बघून येते. त्या दिवशी सकाळी गोळ्याच्या एका कडेला पांढरं होतं, दुपारी निम्म्याला. थोडी पिल्लं निसटून पाण्यात आली होती, बाकीच्यांवर तो कापूस चढत होता. मी आत जायची, बाहेर यायची. हे कामावर होते. माझ्या डोक्यात एकच: सर येतील, रिकामा हौद बघतील, म्हणतील अक्कानं घालवली. मग खोली जाईल. मग पुन्हा भांडी पोत्यात भरायची आणि पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहायचं.

आमच्याकडे संत्र्याच्या झाडाच्या बुंध्याला बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून पट्टा देतात. माझे बाबा लोकांच्या बागेत तेच काम करायचे. त्यांच्या नखांत कायम निळं असायचं. बुरशी म्हटलं की मोरचूद, हे मला पाढ्यासारखं पाठ. मी मार्केट यार्डाकडच्या शेतीच्या औषधांच्या दुकानातून पुडी आणली. चिमूटभर, अगदी चिमूटभर, तांब्यात विरघळवलं आणि हौद दोनमध्ये ओतलं. मग चिंचेनं आणि राखेनं हात घासले, लाल होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बुरशी आकसली होती. पिल्लं पोहत होती. मी देवापुढं साखर ठेवली.

सर आले, तसेच परसात गेले. हौद दोनपाशी बराच वेळ उभे राहिले. मी हात पदरात गुंडाळून दारात उभी. ते म्हणाले, "बरं," आणि आंघोळीला गेले. माझे हात त्यांनी हुंगले नाहीत. मला वाटलं, प्रवासानं थकलेत.

पुढचा सव्वा महिना मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. कारण पिल्लं वाढेनात. हौद एकची दणादण मोठी झाली, पाय फुटून काठावर आली. हौद दोनची तेवढीच्या तेवढी. पोहायची, पण पेंगल्यासारखी. शेवटी ती तराजूत आली तेव्हा फरक डोळ्याला दिसत होता. सर वजन सांगायचे आणि मी लिहायची.

सर उठून परसात फेऱ्या मारायला लागले. "एवढा फरक कधीच न्हवता, अक्का. एवढ्या वर्षांत न्हवता." त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बंगळूरला शिकवत होती. ती दरवर्षी लिहायची, सर, फरक फार बारीक आहे, एवढ्यावर कुणी छापणार नाही. आता तिला पाठवण्यासारखं झालं होतं. सरांनी मला चार दिवस मजकूर सांगितला, मी स्वच्छ लिहून काढला. बुरशीपासून निसटण्याची किंमत, असं वर लिहिलं. पाकीट तयार झालं, तिकिटं लागली.

आणि मला ठाऊक होतं की ती किंमत बुरशीची नव्हती. माझ्या चिमटीची होती.

पाकीट टेबलावर पडून राहिलं. सर रोज म्हणायचे, "उद्या टाकू." मला वाटायचं, म्हातारपण. घास तोंडात फिरायचा, गिळवायचा नाही. हे म्हणायचे, डॉक्टरकडे चल. मी म्हणायची, इकडचं पाणी मानवत नाही. सांगितलं तर खोली जाणार; ह्यांचं काम कायम व्हायचं होतं, मधेच घर बदलून चालणार नव्हतं. नाही सांगितलं तर ज्या माणसानं मला दारात घेतलं त्याच्या नावानं खोटं छापून येणार. सर रोज सकाळी विचारायचे, "आज काय लिहायचं, अक्का?" आणि मी वजनं लिहायची.

एका सकाळी त्यांनी पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. "तूच टाकून ये."

लाल पेटी गिरणीच्या कोपऱ्यावर होती. मी पाकीट पेटीच्या तोंडात निम्मं घातलं आणि बाहेर काढलं. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं.

मावशी दळण थांबवून बघत होती. "काय गं, पेटीला इचारून टाकतीस व्हय?"

मी परत आले. सर हौदाच्या काठावर बसले होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, मोरचूद, तांब्या, पुडी, चिंच.

सर म्हणाले, "किती?"

"चिमूटभर जी."

"कुणाची चिमूट? माझी का तुझी?" त्यांनी तराजूची पेटी आणली, मिठाचा डबा आणला. मला तीन वेळा चिमूट घालायला लावली आणि तिन्ही वेळा तोलली. "मीठ आन् मोरचूद एकच न्हवं, पर अंदाज ईल. घे वही. लिही. तुझ्या हातानं, तुझ्या नावानं."

मी आधीचं वजनांचं पान फाडायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "चूक बी नोंदच की. फाडायची न्हाय." मग म्हणाले, "आता जा, जेव. पिठलं हाय माझ्याकडं. गरम हाय."

ते रागावले, नाही असं नाही. दुकानदारावर रागावले, की पुडीवर नाव लिहून दिलं नाही. पण त्या दुपारी मी भांडी घासताना पाहिलं, ते पाकीट फोडून त्याच्या कोऱ्या बाजूचे सारखे तुकडे करत बसले होते, वहीत खुणेला घालायला. हात कापत असल्यामुळं एकही तुकडा सरळ येत नव्हता.

खोलीचा विषय त्यांनी काढला नाही. मी वाट बघत राहिले. महिना झाला, दोन झाले. शेवटी मीच विचारलं. म्हणाले, "दुसरी अक्का कुठं धुंडू? सगळ्यांच्या हाताला वास मारतोय."

पुढं आम्ही दोघांनी तीन पावसाळे पुन्हा केले. फरक पहिल्यासारखाच आला, दाण्याएवढा, पण खरा. बंगळूरच्या बाईंचं पत्र आलं, चांगलं होतं, तरी अर्थ तोच: अजून काही वर्षं लागतील. सरांकडे ती वर्षं नव्हती. त्यांचं काही छापून आलं नाही. त्यांच्या लेखी ते एक वर्ष, सगळ्यात मोठ्या फरकाचं, माझ्या नावानं बाद झालेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. उपकार फेडायला गेले आणि ते असं झालं.

सर गेले त्यानंतर त्यांचा पुतण्या कुरुंदवाडहून घर आवरायला आला. तराजू त्यानं नेला. नोंदवह्या रद्दीत चालल्या होत्या, त्या मी मागून घेतल्या. तो म्हणाला, "घ्या की अक्का, बेडकाचं काय करायचंय आमाला." त्यानंही अक्काच म्हटलं.

त्या वर्षाची वही मी पुढून कितीदा उघडली असेल. मागून कधी उघडली नव्हती. मोरचुदाच्या पानावर पाकिटाचा एक वाकडातिकडा तुकडा होता, तो खाली पडला. उचलताना वही पालथी झाली आणि शेवटच्या पानावर मला सरांचं कापरं अक्षर दिसलं. त्यांनी उलट्या बाजूनं लिहिलं होतं. तारखा त्या सव्वा महिन्याच्या.

'कुरुंदवाडहून आलो. हौद दोन, काठाच्या चुन्यावर बारीक निळी रेघ. अक्काचे हात लाल. विचारलं नाही.'

'अक्का जेवली नाही.'

'वजनं घेतली. फार फरक. निळी रेघ पुसून टाकावीशी वाटली. पुसली नाही.'

'अक्का जेवली नाही. हातातल्या बांगड्या सैल झाल्यात.'

'पाकीट तयार. टाकावंसं वाटतं. कोण बघणार.'

'आजही वाटलं.'

अशी पानभर. सव्वा महिना मला वाटत होतं की मी एकटी लपवते आहे. ते माझ्याकडे बघत होते, आणि स्वतःकडेही. बघत होते आणि लिहीत होते. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. एका शब्दानं विचारलं असतं तर माझा घास सुटला असता. मग शेवटच्या दोन ओळी वाचल्या.

'पाकीट अक्काला दिलं. माझ्याच्यानं आता राहवणार नाही.'

त्याखाली, त्याच तारखेला:

'परत आणलं. सांगितलं. जेवली. दोघं वाचलो.'

लाल पेन त्यांच्या खिशाला कायम असायचं. त्या शब्दावर रेघ नव्हती.